चोवीस इंची सायकल आणि फाटकाजवळची पायरी

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. मी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. वाससुद्धा सहन होत नाही मला. असं असून एका रविवारी सकाळी, वडील आणि होऊ घातलेले मामेसासरे असे दोघं समोर बसलेले असताना, मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "घेतो अधूनमधून." कुणी मारलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. मग का सांगितलं? तर सायकलचं माप चुकलं होतं म्हणून.

हसू नका, संबंध आहे. जरा मागून सुरुवात करावी लागेल.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. आम्ही नाशिकरोडला, जेल रोडच्या एका कॉलनीत राहायचो. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरला कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. माझी उंची सहा फूट दोन इंच. आता उंच माणसाचं काय होतं, तर त्याला दुसरं काही येतं का हे कुणी विचारतच नाही. ऑफिसात वरच्या फळीवरची फाईल मीच काढायची, बल्ब मीच बदलायचा, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली मीच द्यायची. लोकांनी सांगून सांगून मलाही वाटायला लागलं की उंची हे आपलं कर्तृत्व आहे.

खरी गोष्ट फक्त आमच्या शिंप्याला माहीत होती. दर वेळी तो म्हणायचा, "साहेब, शर्टाला कापड कमी पडलं, पँटचं मात्र उरलं." म्हणजे काय, तर माझी सगळी उंची कमरेच्या वर आहे. खुर्चीत बसलो तर मागच्या माणसाला सिनेमा दिसत नाही, आणि उभा राहिलो तर पाय चारचौघांएवढेच. चारचौघांपेक्षा जरा कमीच म्हणा. शिंपी भला माणूस होता, त्याने कधी उघड बोलून दाखवलं नाही आणि मीही कधी विचार केला नाही.

नोकरी लागल्यावर सायकल घ्यायची ठरली. नाशिकरोडला रशीदभाई म्हणून एक सायकलवाले होते. त्यांच्याकडे वीस, बावीस आणि चोवीस इंची अशा तीन मापांच्या फ्रेम असत. खपायची ती बावीसची. चोवीसची एकच होती, ती छताला टांगलेली, दोन वर्षं कुणी खाली उतरवली नव्हती. मी दुकानात शिरलो, वर बोट केलं आणि म्हटलं, "ती काढा."

रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, खाली बघितलं. म्हणाले, "साहेब, एकदा दांडीवर उभे राहा. दोन्हीकडे एकेक पाय टाकून. वर चार बोटं जागा राहायला पाहिजे."

"अहो, सहा फूट दोन इंचाच्या माणसाचं माप काय घेताय?"

"आम्ही हाईट नाय बघत साहेब, टांग बघतो. दोन मिनिटांचं काम हाय."

दुकानासमोर रिक्षास्टँड होता. पाच-सात माणसं उभी होती. त्यांच्यासमोर पाय फाकून दांडीवर उभं राहायचं आणि आपण चोवीसला पुरतो का याची परीक्षा द्यायची? त्यात तो काळ बेलबॉटमचा. खाली तंबू आणि वर मांडीला इतकी घट्ट की बसताना माणूस विचार करून बसे. मी म्हटलं, "तुम्ही बांधून द्या. माप मला माहीत आहे."

रशीदभाईंनी आणखी एकदा सांगून बघितलं. मग त्यांनी सायकल उतरवली, पुसली, सीट अगदी खाली ठोकून बसवली आणि मला न विचारता दुकानाच्या पायरीला लावून धरली. मी पायरीवरून बसलो आणि निघालो. तेव्हा वाटलं, किती अदब आहे माणसाला.

चालत्या सायकलवर काही अडचण नव्हती. म्हणजे पॅडल खाली गेलं की कंबर त्या बाजूला घसरवायची, वर आलं की परत आणायची. मागून बघणाऱ्याला मी डुलत चाललोय असं वाटायचं. अडचण थांबताना होती. पाय जमिनीला पोचेना. बरं, मागून टांग टाकून उतरावं, तर सीट माझ्या कमरेपाशी, कॅरियरला जेवणाचा डबा आणि मांडीला ती पँट. एकदा प्रयत्न केला. पँट उसवली, डबा सांडला आणि सायकल उभी राहिली नाही ती नाहीच.

मग मी शहाण्या माणसाने करावं ते केलं का? दुकानात परत जाऊन बावीसची मागितली का? छे. मी सगळ्या ऑफिसला सांगून बसलो होतो की मला बावीसची खेळण्यासारखी वाटते. त्यापेक्षा मी रस्त्यावरचे दगड पाठ केले. घरून निघायचं ते ओट्यावरून. पुढे एक मैलाचा दगड, एका मोरीचा कठडा, वीज केंद्राच्या गेटपाशी बागेची कड. जिथे पाय टेकायला उंचवटा नाही तिथे माझ्या आयुष्यात थांबणंच नव्हतं. ओळखीचं कुणी भेटलं आणि "काय रे, कसा आहेस?" म्हणालं, तर मी "बराय" म्हणत पुढे. लोक म्हणायला लागले, नोकरी लागली आणि पोराला शिंगं फुटली.

फक्त एका ठिकाणी इलाज नव्हता. वाटेत कोळशाच्या गाड्यांचं फाटक होतं. वीज केंद्राला कोळसा घेऊन येणारी मालगाडी बरोबर माझ्या सुटायच्या वेळेला यायची, आणि ती जायला कधी पंधरा मिनिटं, कधी वीस. त्या फाटकाच्या अलीकडे सगळी सपाट जमीन. दगड नाही, कठडा नाही. होती ती एकच पायरी. दगडी, रुंद, माझ्या पायाच्या मापाला अगदी जुळणारी. आणि ती होती देशी दारूच्या दुकानाची.

तुम्ही म्हणाल, मग चालत जायचं. अहो, चालायला आधी उतरायला नको का?

रोज संध्याकाळी डावा पाय दुकानाच्या पायरीवर, उजवा पॅडलवर, असा मी वीस मिनिटं उभा. पहिले काही दिवस दुकानदार गिऱ्हाईक म्हणून बघायचा. मी आत येत नाही म्हटल्यावर त्याला माझी काळजी वाटायला लागली. त्याला वाटलं, पोराला सोडायची आहे पण पाय निघत नाही. बिचारा मला बघितलं की कागदात मूठभर फुटाणे बांधून आणून द्यायचा. "घ्या भाऊ. तेवढंच मन रमतं." आता भूक लागलेली असायची, मी खायचो. नाही म्हणायला तोंडही नव्हतं, पायरी त्याची होती. एकदोन नेहमीची गिऱ्हाइकंही मला ओळखायला लागली. त्यातला एक तर रोज जाता जाता हात वर करून विचारायचा, "आज लवकर?"

इथपर्यंत सगळं माझ्यापुरतं होतं. पुढे त्यात लग्न आलं.

आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, कॉलनीतल्या विहाराचे चिटणीस. दर रविवारी वंदना झाली की पंचशीलावर पंधरा मिनिटं बोलायचे आणि त्यातली बारा मिनिटं शेवटच्या शीलावर, म्हणजे दारूवर. अण्णा म्हणायचे, बाकी चार शीलं पाळणाराही दारूने घसरतो. कॉलनीतल्या दोन माणसांची त्यांनी मागे लागून लागून सोडवली होती. तर अशा अण्णांनी माझ्यासाठी कळवणचं एक स्थळ आणलं.

मुलीचं नाव सुमन. वडील लहानपणी गेलेले, मामांनी वाढवलेली. मामा तिकडे शाळेत मास्तर. मुलगी डी.एड. झालेली, दिसायला छान, पण तीन ठिकाणी नकार आलेला. कारण काय, तर मुलगी पाच फूट आठ इंच होती. मुलांना शेजारी उभं राहायला नको वाटायचं. मामांनी अण्णांना पत्रातच लिहिलं होतं, "आपला मुलगा उंच आहे असे कळले, म्हणून लिहीत आहे." आमच्या शिक्षणाचा, नोकरीचा उल्लेख त्याच्या खाली होता.

आम्ही बघायला गेलो. मी बसलेलो होतो, आणि बसल्यावर मी कसा दिसतो ते मघाशी सांगितलंच. मामा खूश झाले. सुमन आली, पोहे ठेवले, समोर बसली. तिनेच आधी विचारलं, "तुमचंही डोकं आपटतं का चौकटीला?"

"रोज," मी म्हटलं.

"माझंही," ती म्हणाली आणि हसली.

मला ती फार आवडली. आडवळणाने कशाला सांगू? परतीच्या एसटीत अण्णा काय बोलत होते ते मला एक अक्षर ऐकू आलं नाही. हे लग्न व्हायलाच पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

मामा म्हणाले होते, "पंधरा दिवसांत कळवतो." म्हणजे चौकशी करणार. तेव्हा ती पद्धतच होती. मुलीकडचं कुणीतरी न सांगता यायचं, पानाच्या टपरीवर, शेजारीपाजारी, ऑफिसच्या गेटवर मुलाबद्दल विचारून जायचं. मला अजिबात भीती नव्हती. मला पानाचंही व्यसन नव्हतं.

मामा एका शनिवारी आले. एकलहऱ्याच्या गेटवर चौकशी केली. तिथे सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. समाधानाने बसमध्ये बसले. बस फाटकाला थांबली. खिडकीतून बाहेर बघतात तर काय, भाचजावई दारूच्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवून फुटाणे खातायत. दुकानदार पाठीवर हात ठेवून काहीतरी समजावतोय. एक झिंगलेला माणूस हात वर करून "आज लवकर?" विचारतोय आणि भाचजावई मान डोलावतायत. मग फाटक उघडलं आणि मी निघालो. निघालो कसा, तर या बाजूला घसरून, मग त्या बाजूला घसरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आमच्या घरी. जयभीम झाला, पाणी झालं. आई चहा टाकायला आत गेली. मामांनी जे पाहिलं ते सगळं सांगितलं, आवाज न चढवता.

अण्णा म्हणाले, "शक्य नाही. तुमचा माणूस ओळखण्यात घोटाळा झाला."

"एवढा उंच दुसरा कोण आहे तुमच्याकडे, गुरुजी?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "बोल. तू होतास का तिथे?"

"होतो."

"कशासाठी?"

आता इथे नीट लक्ष द्या. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे चाललं ते मी नंतर किती वेळा आठवून पाहिलंय, आणि दर वेळी ते मला पटलंय. खरं सांगायचं म्हणजे म्हणायला हवं होतं, माझे पाय जमिनीला पोचत नाहीत. पण हे स्थळ आलं होतं कशावर? उंचीवर. ज्यांना उंच मुलगा पाहिजे, त्यांना सांगायचं की मी उंच दिसतो पण पाय आखूड आहेत? म्हणजे माल दाखवला एक आणि दिला एक. आणि दारूचं काय आहे, दारू सुटते. आमचे अण्णाच दर रविवारी सांगायचे की निश्चय केला तर सुटते. पाय कुठून वाढवणार होतो मी?

म्हणून मी म्हटलं, "घेतो अधूनमधून."

आतून भांड्याचा आवाज येत होता तो थांबला. मामांनी विचारलं, "किती?"

"थोडीच."

"कुठली घेता?"

मला एकाही दारूचं नाव माहीत नव्हतं. दुकानाची पाटी मात्र रोज वीस मिनिटं समोर असायची. मी म्हटलं, "सरकारमान्य."

अण्णा उठले आणि आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, आता हुकमी पान टाकावं. मी मामांना म्हटलं, "पण मी सोडतो. आजपासून बंद. या क्षणापासून."

मामांनी चष्मा काढून पुसला. "शाळेच्या गावात मी पंधरा वर्षं लोकांची दारू सोडवतोय. ज्याला खरंच सोडायची असते तो रडतो, भांडतो, दोन दिवस मागतो. इतक्या सहज 'सोडली' म्हणणारा एकच प्रकार असतो, तो परत पिणारा. पोरीला बाप नाही, मला जपून राहायला हवं. हे स्थळ मोडलं असं समजा."

मामा गेले. अण्णा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या रविवारी वंदनेनंतर ते पंचशीलावर बोललेच नाहीत, नुसते "चिटणीसपद सोडतो" म्हणाले आणि घरी येऊन बसले. कारणही सांगितलं नाही. माझी चूक मला तेव्हा कळली, आणि वाईट वाटलं ते अण्णांकडे बघून. सुमन तर गेलीच होती. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. सायकल, दांडी, पँट, पायरी, फुटाणे.

अण्णा म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? सायकल एसटीवर टाक आणि कळवणला जाऊन दाखव."

"खरंच जाऊ?"

"जा. एवढं खोटं कुणी रचू शकत नाही."

तशी ती चोवीस इंची सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि मी कळवणला गेलो. मामा घराच्या ओट्यावर वह्या तपासत बसले होते. मला बघून उठले, पण या म्हणाले नाहीत. मी म्हटलं, "मामा, मी दारू पीत नाही. मला सायकलवरून उतरता येत नाही. बोलून पटणार नाही, दाखवतो."

त्यांच्या ओट्यावरूनच मी सायकलवर बसलो. समोर मोठं मोकळं अंगण होतं. माझा बेत साधा होता. एक चक्कर मारायची, पाय पोचत नाही ते दाखवायचं आणि ओट्याला येऊन थांबायचं. चक्कर मारून येतो तर ओट्यावर जागाच नाही. शेजारपाजारचे सगळे बघायला येऊन उभे राहिलेले. पाय टेकायला टीचभर दगड मोकळा नाही.

मी दुसरी चक्कर मारली. मामा म्हणाले, "बरं, समजलं. उतरा आता."

"उतरता येत नाही मामा, तेच दाखवतोय."

तिसऱ्या चक्करीला मी ओरडलो, "ओट्यावरून बाजूला व्हा." मजा वाटून आणखी चार जण ओट्यावर चढले. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "पिएल शे वाटस," म्हणजे प्यायलेला दिसतो. मी या बाजूला घसरत, त्या बाजूला घसरत फिरतोच आहे. पाचव्या चक्करीला पायात गोळा आला आणि मी सायकलसकट अंगणातल्या कांद्याच्या ढिगात गेलो.

डोळे उघडले तर सुमन समोर उभी होती. तिने आधी सायकल उचलली, भिंतीला टेकवली, सीट कुठवर येते ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आधी वर, मग खाली, अगदी रशीदभाईंसारखं. तिला बहुतेक सगळं तेव्हाच समजलं.

तिने विचारलं, "मग मामांना 'घेतो' असं का सांगितलंत?"

कांद्यात बसून मी जे होतं ते सांगितलं. "तुम्हाला उंच मुलगा हवा होता. माझे पाय आखूड आहेत हे कळलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. दारू काय, सुटली असती. पाय वाढले नसते."

"तुमची उंची किती?"

"सहा फूट दोन."

"हे आखूड पाय धरून, का सोडून?"

खरं सांगतो, ते मला त्या दिवसापर्यंत एकदाही सुचलं नव्हतं.

मामा ओट्यावरून खाली आले होते. त्यांचा चेहरा बराच सैल झाला होता. म्हणाले, "सुमे, माझी शंका गेली. मुलगा पीत नाही. तुझं काय म्हणणं आहे?"

सुमन म्हणाली, "लग्न करीन मी यांच्याशी. पण मामा, काळजी आता वाटायला लागलीय. प्यायलेला माणूस काहीही बोलला तरी सकाळी शुद्धीवर येतो. हे तर पूर्ण शुद्धीत होते."